आठ नंबरचा खोका

खोली क्रमांक अकरा, एक्स-रेच्या शेजारी.
दारावर पाटी : किशोरवयीन सल्ला केंद्र.
वेळ दहा ते एक,
म्हणजे पोरं नेमकी वर्गात असतात तेव्हा.
आत मी, एक पंखा,
आणि भिंतीवर जास्वंदीचा उभा छेद.
वर्षभरात आठ जण आले.
त्यातल्या पाच जणांना एक्स-रे काढायचा होता.

मग वरून कागद आला : युवकांचा सहभाग घ्या.
घेतला.
बॅनर छापला, गुलाब आणले,
फोटोपुरती तीन पोरं बोलावली.
त्यातली हर्षाली सातपुते, अकरावी, सुभाषनगर,
वडिलांचा चपलांचा धंदा, बोटांना कातड्याचा वास.
खुर्चीकडं बघत म्हणाली,
"बसतो की बाई. पण टेबलाच्या कुठल्या बाजूला?"
(आमच्या पोरी अशाच बोलतात : बसतो, जातो, सांगतो.
पुण्याहून आलेल्या मॅडम जरा दचकल्या.)

मी टेबलच उचलून भिंतीला लावलं.

जास्वंद त्यांनीच उतरवली.
"फुलाला काय होतंय? त्रास आम्हाला होतोय."
वेळ केली संध्याकाळी साडेपाच.
जागा, तालमीमागची वाचनालयाची खोली,
कुणी हटकलं तर पेपर वाचायला आलोय म्हणता येतं.
आणि हर्षालीनं घरातून खोका आणला :
चप्पल करकर, रंग तांबडा, नंबर आठ.
झाकणाला रापीनं पाडलेली सरळ चीर.

पहिल्या गुरुवारी चार चिठ्ठ्या.
पाचव्या गुरुवारी झाकण बसेना.

छाती एकाच बाजूला वाढलीय. ऑपरेशन लागंल का?

झोपेत होतं. वस्ताद म्हणतात एक थेंब गेला की शेरभर दूध वाया.
मग मी रोज किती दूध पिऊ?

ती आधी हो म्हणाली, मग नाही. आता काय धरायचं?

मला मित्र आवडतो. हा आजार आहे का?
असला तर सांगू नका.

लग्न ठरलंय. मला अजून सतरावं लागायचंय.

या शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं.
धैर्यशील म्हणाला, अक्षर जुळवून शोधूया.
तहूरा बागवान म्हणाली, शोधलीस की उद्या खोका रिकामा.
कडाक्याचं भांडले.
मी गप्प बसले.
वीस वर्षांच्या नोकरीत एवढं अवघड काम केलं नव्हतं.
शेवटी त्यांनी भिंतीवर उत्तर चिकटवलं, मोठ्या अक्षरात,
कायदा काय म्हणतो, फोन कुठं लावायचा,
आणि खाली : दर गुरुवारी मी दारात उभा असतो. हर्षाली.
तिसऱ्या गुरुवारी कुणीतरी आलं.
त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

मार्चमध्ये एक चिठ्ठी निघाली
खुराकाच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूला.
पुढं : बदाम पाव किलो, खसखस, तूप.
मागं, जाड पेन्सिलीनं :
नातीला आली. घरात बाईमाणूस नाही.
काय आणायचं, आणि दुकानात कसं मागायचं?

कुणी हसलं नाही.
धैर्यशीलचा मुडपलेला कान लाल झाला.
सहा वर्षं त्याच अक्षरातली यादी घेऊन
तो बाजारात जातोय.
बोलला मात्र काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, हौदा उकरायच्या आधी,
वस्तादांच्या खुंटीखाली त्यानं पुडकं ठेवलं.
पेपरात गुंडाळलेलं नाही, काळ्या पिशवीत नाही.
वर एक कागद, तहूराच्या अक्षरात,
कसं वापरायचं, किती तासांनी बदलायचं,
पोट दुखलं तर काय,
आणि तिला म्हणावं, घाबरायचं नाही.

वस्तादांनी पुडकं बघितलं.
पोराला बघितलं.
धोतराचा सोगा खोचला.
"किती झालं?"
"अठ्ठावन्न."
"सांजच्याला घेऊन जा.
आता मातीत उतर."