रांगेतला मधला

हॅनकॉकमध्ये मार्चची आठ तारीख, खिडकी अर्धी बर्फात.
कायसा कोस्केलाने ग्रंथालयातून तक्ता छापून आणलाय,
पानाला दहा सेंट, पानं चार,
आणि उडू नये म्हणून एक कोपरा
बापाच्या कॉफीच्या मगाखाली दाबलाय.

भाषाशास्त्र. पदवी. अकरा विद्यापीठं.
डावीकडे कर्ज, उजवीकडे चार वर्षांनंतरची कमाई.
मधे नुसती बारीक रेघ.

रॉजर चष्मा शोधतो. चष्मा कपाळावर.
रात्रभर रस्त्यावरचा बर्फ सारून आलाय,
कानात अजून पात्याची घरघर.
"मध्यक म्हणजे गं?"
"सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं करायचं
आणि मधल्याचा पगार लिहून घ्यायचा."
"बरं. मग त्या मधल्याला बोलता काय काय येतं?"
कायसाला हसू फुटतं,
पण प्रश्न चुकीचा नाही.

तिसऱ्या ओळीतला मधला: कर्ज सत्तावीस हजार, कमाई एकतीस.
सातव्या ओळीतला: कर्ज एकोणीस, कमाई बेचाळीस.
हा बहुतेक एखाद्या फोन कंपनीत बसून
यंत्राला "हं" आणि "हं?" यांतला फरक शिकवत असणार.
नवव्या ओळीत कमाईचा चौकोन कोरा.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
पदवीधर इतके थोडे, की आकडा छापला
तर माणूस ओळखू येईल.

रॉजर नेमकं तिथंच बोट ठेवतो.
"हे बरंय. इथं कुणीतरी दडून बसलंय."

डोरीन दातांच्या दवाखान्यातून येते, दारात बूट आपटते,
कोट न काढता कॅल्क्युलेटर ओढते.
सत्तावीस हजार, साडेपाच टक्के, दहा वर्षं:
महिना दोनशे त्र्याण्णव.
"ट्रकच्या हप्त्याहून कमी," ती म्हणते,
आणि जरा थांबून, "पण ट्रक निदान रस्ता तरी मोकळा करतो."
कुणी काही बोलत नाही.
फ्रीज बोलतो.

कायसाकडे एक निळी वही आहे.
पहिल्याच पानावर *पँक*:
फावड्याच्या पाठीने बर्फ थोपटून थोपटून घट्ट करणे.
पुलापलीकडे, दक्षिणेला, हा शब्द कुणाला कळत नाही.
तिथंही थोपटतात माणसं,
फक्त बिननावाचं थोपटतात.
पुढच्या पानांवर एल्मीआत्या.
ती वृद्धाश्रमात खिडकीशी बसून
खाणकामगारांच्या इंग्रजीत भिजलेली फिनिश बोलते,
मोटारीला *कारा* म्हणते, जे फिनलंडात चालणार नाही.
तिच्या भाषेत मालकीला क्रियापदच नाही.
कुत्रा असतो तो माझ्यावर असतो,
पैसे माझ्यावर, घर माझ्यावर, कर्जही माझ्यावरच;
एकच प्रत्यय,
कोट आणि ओला टॉवेल एकाच खुंटीला.
(आपण मराठीत त्या मानाने सावध:
पैसे माझ्याकडे, कर्ज माझ्यावर.)

हे सगळं ती सांगू पाहते.
रॉजर ऐकतो, निदान डोळे मिटून बसतो,
मग विचारतो, "मधल्याच्या मागे किती जण उभे?"
"अर्धे."
"ते कुठं राहतात?"
तक्त्यात ते नाही.

दुपारी तो न झोपताच बाहेर जातो,
पायऱ्यांशी फावडं उलटं धरतो.
आतून नुसता आवाज येतो,
जाड, ओला, एकसारखा नाही.
"अगं, हे नीट पँक नाही केलं तर
उद्या तुझी आई घसरेल," तो ओरडतो,
कुणाला उद्देशून, ते कळत नाही.

कायसा वही उघडते.
शब्द. तारीख. अख्खं वाक्य, जसंच्या तसं.
वक्ता: र. को., वय छप्पन्न.
पूर्ण नाव लिहायला घेते, आणि थांबते.
गावात या कामावर आहेत किती जण.

डोरीन अजून आकडेच मोडते आहे,
या खेपेला वीस वर्षं धरून.
अर्जाची मुदत शुक्रवारी.
मग उचलला तर नवव्या ओळीवर
कॉफीचा गोल, अर्धवट, ओलाच.