औट

डुलूथच्या शाळेतलं जेवणाचं दालन.
टेबलं घडी घालून भिंतीला लावलेली.
जून उजाडला तरी तळ्यावरून येणारा वारा
स्वेटर काढू देत नव्हता.
आम्ही अकरा मास्तर-मास्तरणी,
सुट्टीत पुन्हा विद्यार्थी झालेले,
आणि मार्लिस एंगब्रेट्सन, हातात नायलॉनच्या दोरीचं रीळ.
खडू नाही, फळा नाही.
ती म्हणाली, "कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत
एक हात.
आपण आपल्याच हातानं किती हात उंच?
आधी अंदाज लिहा."

बाकीचे पेन्सिल चावत राहिले.
मी म्हटलं, साडेतीन.
अंदाज कसला, निकालच.

"कशावरून?"
पाठ आहे, म्हणायचं होतं.
इंग्रजीत पाठ केलेलं हृदयाशी ठेवतात,
आपण पाठीवर.
खुटवड गुरुजींचा हात आठवला
आणि मला आपलाच शब्द जास्त खरा वाटला.
बे औटे सात, त्रिक औटे साडेदहा, चोक औटे चौदा,
श्वास घ्यायला जागा नसलेली औटकी.
शिवाय औट हातांचा देह,
हे तर कीर्तनात, मयताच्या घरी, कुठंही ऐकलेलं.
मोजायचं काय त्यात?

डेल्बर्ट किविस्टो, दहावीला भौतिकशास्त्र शिकवणारा,
फरशीवर आडवा झाला तोडलेल्या पाइनसारखा.
डोक्याशी चिकटपट्टी, टाचेशी चिकटपट्टी.
टू वँग गुडघ्यांवर रांगत दोरी टाकत गेला,
एक, दोन, तीन,
आणि उरलं ते अर्ध्याहून जास्त.
मी म्हटलं, तुझं कोपर चुकलं.
त्यानं निमूट दुसऱ्या हाताचं कोपर धरलं.
पुन्हा जास्तच.

मग मी आडवी झाले,
बावीस वर्षं गणित शिकवून,
चष्मा छातीवर ठेवून,
छताच्या फळ्यांवरची भोकं बघत.
पावणेचार, चिमूटभर कमी.

दुपारी सगळे कॉफीला गेले,
तेव्हा मी एकटीनं पुन्हा मोजलं.
खोटं कशाला बोलू, दोरी ताणली.
नायलॉन ताणलं जातं.
घाम येईपर्यंत ताणून
औट करून घेतलं.
वळून पाहते तर मार्लिस दारात.
रागावली असती तर बरं होतं,
त्याची सवय आहे पाठीला.
ती म्हणाली, "ताणलेलीचीही नोंद कर.
किती ताणली, तेही लिही."

खाली कालव्यावर जहाजानं भोंगा दिला,
पुलानं भोंग्यानंच उत्तर दिलं
आणि लोखंडाचा तो अख्खा रस्ता
मोटारी थांबवून वर गेला.
मी वहीत रकाने आखले.
औट. ताणून औट. न ताणता पावणेचार.
तिन्ही माझ्याच अक्षरात,
तिसरं जरा बारीक.

सप्टेंबरात सहावीची मुलं वर्गभर लोळली,
एकमेकांच्या टाचांना गुदगुल्या करत.
आकडे फळ्यावर चढले, वेडेवाकडे,
कुणाचे साडेतीनच्या पलीकडे, कुणाचे पार चारला टेकलेले.
मी त्यांना औटची गोष्ट सांगितली.
औट हा शब्द त्यांना फार आवडला,
दिवसभर एकमेकांना औट करत राहिले.
फक्त कॉरिना, जी कधी हात वर करत नाही,
तिनं हात वर न करताच विचारलं,
"मग ज्यानं पहिल्यांदा साडेतीन म्हटलं
त्याचा हात केवढा होता?"

गुरुजींचा हात लांब होता.
पहिल्या बाकाशी उभे राहून
मागच्या बाकापर्यंत पोहोचायचे.
पण त्याला दोरी लावायची
आमच्यात कुणाची छाती होती?

"माहीत नाही," मी म्हटलं,
आणि मराठीत पुन्हा एकदा, हळू.
कॉरिना तोवर दोरीची गाठ
दातांनी सोडवायला लागली होती.