गिरणी चार दिवस बंद राहील

पाटी यांनीच खडूने लिहिली.
'राहील'ची वेलांटी पहिली की दुसरी
यावर शिंपीदादांशी वाद घातला,
कुलूप दोनदा हिसडून पाहिलं,
चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा एकदा,
आणि आम्ही रिसोडहून निघालो.

तिकिटं, खोली, सगळं पोराने फोनवर केलेलं.
"आई, एकदा समुद्र बघून या," म्हणाला,
जणू विहिरीला पाणी किती ते बघून या.

चिपळूणनंतरच्या वळणांवर मी आवळासुपारी चघळत राहिले.
हे खिडकीबाहेर बघत ओरडले,
"इथं जमीन सरळ ठेवायचं कुणाला सुचलंच नाही!"
अख्खी एसटी वळून पाहू लागली.
बावीस वर्षं पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून
यांचा गळा तेवढाच उरलाय.

गुहागरला आरेकर वहिनींनी विचारलं,
"जेवण किती वाजता करू?"
"तुमचं होईल तेव्हा."
"तसं नाही हो. तुम्हाला भूक कधी लागते?"
यांची एकला. दिरांची बाराला.
पोराची, शाळा सुटली की.
माझी आठवेना.

समुद्र वाडीच्या मागेच होता.
पोफळींमधून, पाट ओलांडून, बेडं सारून,
परसात म्हैस बांधलेली असावी तसा,
आपल्याच श्वासात गर्क.
फोनमध्ये निळा दिसायचा.
हा पुढे तांदूळ धुतलेल्या पाण्याचा,
मागे जस्ताच्या पत्र्याचा.

यांनी आधी वाळूच उचलली.
अंगठा नि बोटात चोळली, वास घेतला.
"जाडी आहे. भाकरी थापायची नाही."
मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
काठाशी उभे राहिले हात मागे बांधून,
मुलगी बघायला आलेल्यांसमोर
बाप उभा राहतो तसे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला यांचे डोळे उघडले.
ओळीत डबे नाहीत.
ज्वारीवर गहू टाकू नका म्हणणारं कुणी नाही.
शिंपीदादांना फोन लावला: "लाइट आहे का तिकडं?"
"आहे की."
"वाया चालली," म्हणाले, आणि
सुरूच्या सावलीत जाऊन
तोंड उघडं टाकून झोपले.

मी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिले.
पायाखालची वाळू सरकली,
हे वाक्य मी कितीदा बोललेय.
मोटार जळाली तेव्हा.
सासऱ्यांनी गिरणीचा कागद कुठं ठेवलाय
ते न सांगताच डोळे मिटले तेव्हा.
इथं ती खरोखर सरकते,
टाचेखालून, चिमटी चिमटीने,
गुदगुल्या होतात,
आणि बाई होती तिथंच राहते,
फक्त दोन बोटं खाली.

तिसऱ्या दुपारी आरेकरांच्या ओटीवर घरघंटी लागली.
यांचे कान टवकारले.
"जाळी चोंदलीय तिची."
मी काही बोलले नाही. नुसतं पाहिलं.
कोपरावर अर्धे उठलेले हे
हळूहळू परत आडवे झाले,
"जाऊ दे, आपल्याला काय" असं पुटपुटत.

त्याच संध्याकाळी
"कालिंदा, बस जरा," म्हणाले,
इतक्या खालच्या आवाजात
की मला वाटलं, दुसरंच कुणीतरी आहे.
मी वळूनही पाहिलं.
एक कुत्रं होतं, आणि खेकड्यांची भोकं.

बसलो. फारसं बोललो नाही.
यांच्या भुवयांतलं पीठ,
लग्नापासून कुठल्या साबणाला न गेलेलं,
खाऱ्या पाण्याने गेलं होतं.
खाली केस पांढरेच निघाले.

दिवे लागायचे होते अजून.
वाडीतून नारळाच्या रसात
काहीतरी शिजत असल्याचा वास आला.
हे मागे राहिले, मी पुढे झाले.
"वहिनी," बेड्यापासूनच हाक मारली,
"आत्ता लागली."