कडेवरचं नाव

गुरुवारी श्रूसबरीत आमच्याकडे मूल्यांकन फुकट.
लोक येतात बिस्किटांच्या डब्यांतून
मेलेल्यांचं सोनंचांदी घेऊन,
आणि मी, दापोलीच्या एका सोनाराची नात,
भिंग डोळ्याला लावून बसते.

आज प्रोथेरो. बसगाड्यांचा निवृत्त मेकॅनिक.
खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी
त्यानं अशी उघडली, जणू आत काही झोपलंय.
"आजोबांचं. पहिल्या महायुद्धातलं.
विकायचं नाही. विम्यासाठी आकडा हवा."

पदक आधी तळहातावर घ्यायचं,
डोळ्यांच्या आधी हाताला कळतं.
हलकं होतं. फार नाही,
पावशेर पेढ्यांत एक पेढा कमी भरावा तितकं.
घोड्याच्या पोटाखाली बारीक पुटकुळ्या:
ठशाखाली दाबलेल्या चांदीला घाम येत नाही,
ओतलेल्या धातूला येतो.

मग कड.
नाव इथेच असतं, पदकाच्या कडेवर,
लेकरू असतं तसं.
खऱ्या कडेवर एकेक अक्षर वेगळं ठोकलेलं,
एखादा 'आर' किंचित कललेला,
ठोकणाऱ्याची जेवायची वेळ झाली असणार.
इथली अक्षरं यंत्राची, एका मापाची,
प्रार्थनेला उभ्या वर्गासारखी.

माणूस असो की रुपया, वाजवून घ्यावा, म्हणायचे आजोबा.
बोटाच्या टोकावर तोलून मी पेन्सिलीची टिचकी दिली.
ठक्.
एवढंच.

"प्रत आहे," मी म्हटलं.
हा शब्द हळू उच्चारायला मी शिकले आहे.
पहिल्या वर्षी 'खोटं' म्हणायचे,
तेव्हा एक बाई माझ्यासमोर हातमोजे काढायची थांबली
आणि परत घालून निघून गेली.

प्रोथेरो काही बोलला नाही.
मी सवयीनं पडदा ओढला, जांभळा दिवा लावला.
नव्या फितीचा धागा या दिव्याखाली
लबाडासारखा लखलखतो.
ही फीत काळोखातच राहिली.
मधला नारिंगी पट्टा, पांढरा, काळा, काठाला निळा,
सगळे विझलेले, सगळे शंभर वर्षांचे.
माझ्या शर्टाची बाही तेवढी चमकत होती.

"फीत खरी आहे," मी म्हटलं.
"कुणीतरी ती जुन्या पदकावरून काढून
याला हातानं शिवलीय. हे टाके बघा."

तो वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

"ऐंशी साली," तो म्हणाला, "चांदी वेड्यासारखी चढली.
बाबांचं काम गेलं होतं.
स्टेशनजवळच्या हॉटेलात एक माणूस तराजू घेऊन बसायचा.
नाव कुणी वाचलं नाही. वजन केलं.
त्या महिन्यात आमच्याकडे कोळसा आला."

"आणि आई?"

"आई म्हणाली, फीत चांदीची नाही, ती राहू दे.
बाबा गेल्यावर एकदा बघितलं होतं मी तिला,
खिडकीपाशी, चष्म्यावर चष्मा लावून.
वाटलं, बटण लावतेय."

फॉर्मवर एकच रकाना आहे.
मी लिहिलं: प्रत, ओतीव, पाच पौंड.
फितीला रकाना नाही.
खाडाखोड करून समासात लिहिलं: फीत मूळ,
आणि पुढे आकडा लिहायला पेन टेकवलं,
तर शाईचा एक ठिपका झाला,
तो तसाच राहू दिला.

"मग विमा?" मी विचारलं.
"कशाचा?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.
पदक डबीत ठेवताना त्यानं ते वर केलं,
पेन्सिलीशिवाय, नखानंच वाजवलं.
ठक्.
कान देऊन ऐकलं, पुन्हा एकदा वाजवलं,
दाराशी कुणी आलंय का बघावं तसं.

बाहेर सेव्हर्न नदी गढूळ, पुलाच्या कमानीला लागलेली.
मी पडदा सारला.
पुढचा नंबर बावीस:
एक बाई, कुशीत किटली,
टोटी तुटलेली, झाकण दुसऱ्याच कुणाचं.