समासात

बाप बर्गनच्या बंदरात कुलपं दुरुस्त करायचा,
लेकीनं घरफोड्यांवर पीएच.डी. केली.
धंदा घरचाच, म्हणते
प्राध्यापक इंगुन हाउग्लांद, आणि हसते.

चोरी का केलीस, हे ती विचारत नाही;
ते पोलिसांचं विचारून झालेलं असतं.
ती विचारते, थांबलास कधी?

सत्तरीचा ओडवार खिडकीबाहेर बघतो.
एका घरात शिरलो. शेगडीवर लापशी,
अजून कोमट.
बसलो. खाल्ली.
वाडगा धुऊन पालथा घातला
आणि आलो तसा निघालो.

मग?
मग काही नाही.

तक्त्यात वय, शिक्षा, व्यसन, लग्न.
लापशीला रकाना नाही.
इंगुन पेन्सिल टेकवते, उचलते.

मीठ कमी होतं,
म्हातारा आठवून सांगतो.

ती तेवढं समासात लिहून घेते.