सात सेकंद

ओतारूत शेवटचा खेळ सुटला की
सोनोए आणि मासुओ पुन्हा भांडतात,
समोर रामेनचे वाडगे निवत चाललेले.

त्याला तो दिग्दर्शक हवा
ज्याच्या चित्रांत सगळं उडतं:
गवत, टोप्या, अख्खं गाव.
तिला दुसरा.
रिकाम्या स्वयंपाकघरात किटली,
सात सेकंद, बस.
कुणी येत नाही.

"यात घडतं काय?" तो.
"वाफ," ती म्हणते.

तरुणपणी दोघं एकाच स्टुडिओत
हातानं चित्रं रंगवायची.
त्याच्या वाट्याला ढग यायचे;
तिनं एकदा महिनाभर
एका मुलीचं नुसतं वळून बघणं रंगवलं,
आणि ते कापलं गेलं.

हे तो विसरलाय.
किंवा नसेलही.
बिल देऊन दारात थांबतो,
तिचा मफलर सापडेपर्यंत,
वाऱ्याकडे पाठ करून.