मासळीचा बर्फ

धुराड्याला तीनशे बारा पायऱ्या,
पण बर्फ खालीच घ्यावा लागतो.

चार काचेच्या बाटल्या, नळीला नळी जोडलेली,
बर्फात गळ्यापर्यंत बुडवायच्या,
मग धुराड्याच्या कुशीत सळई खुपसून
वायू ओढत राहायचा, बुडबुडा बुडबुडा.
बर्फ विरघळला की मापन बाद.
कारखान्याकडे तांबं आहे, स्वतःचा रेल्वेरूळ आहे,
पाहुण्यांसाठी हिरवळ आहे, बर्फ नाही.
बर्फ बाना चिलेक्वाकडे,
बाजाराच्या टोकाला, ब्रीम माशांच्या खाली.

बाना म्हणजे आई.
इथे बाईला लेकराच्या नावानं हाक मारतात.
लेकरू मात्र लुआपुलाला, मावशीकडे.
तिथे त्याला उशीला टेकून
बसल्या बसल्या झोपावं लागत नाही.

"आज किती आलं?" ती दर खेपेला विचारते.
अहवाल आला की कळेल, मी म्हणते.
"अहवाल कुणाकडे येतो?"
मी सुट्टे पैसे शोधू लागते.

तपासणीच्या दिवशी कारखाना न्हाऊनमाखून बसतो.
गंधकाचा वायू निमूट ॲसिड प्लांटकडे वळतो,
ॲसिड होतो, टँकरमध्ये चढतो, विकला जातो.
वर उरते नुसती वाफ, भात शिजतोय जणू.
प्रयोगशाळेत पिवळं द्रावण,
ब्युरेटमधून एकेक थेंब,
साडेसहाव्या खुणेला गुलाबी.
मर्यादेच्या कितीतरी आत.
सिकाझ्वेसाहेब भुईमुगाच्या शेंगा पुढे करतात:
"बघ न्कांदू, आम्ही तुझ्यासाठी किती चांगले वागतो."
आणि खोटं नाही ते. त्या दिवशी खरंच वागतात.

शिवाय सरासरी आहे.
सरासरी मोठ्या मनाची,
रात्री तीनची वीस मिनिटं ती
दिवसाच्या चोवीस तासांत सहज पोटात घालते.

त्या वीस मिनिटांना वस्तीनं नाव दिलंय: सेंटा.
सेंटा आला म्हणतात, वसुलीला कुणी यावं तसं.
ओला पदर नाकाला, दाराखालच्या फटीत चिंध्या.
सकाळी वालाची पानं पांढरी पडलेली,
पत्र्याला आणखी एक भोक.
आंबा टिकतो. निवडुंग टिकतो.
बाकीच्यांनी लावणं सोडलं.

या खेपेला मी उतरले नाही.
कुणी सांगितलं नव्हतं. रात्रपाळीचा पहारेकरी म्हणाला,
पोरी, खाली चहा आहे. मी म्हटलं, असू दे.
एकनंतर प्लांट अडकला.
आधी घशाला कळलं, मग काट्याला.
आणि बर्फ?
बर्फाचं पाणी झालेलं, त्यात एक खवला तरंगत होता.

तीनशे बारा खाली.
बाजारामागची तिसरी गल्ली, दार वाजवलं.
ती खोकत आली. मी तोंड उघडायच्या आत
माझ्या हातातल्या रिकाम्या पेटीकडे पाहिलं तिनं.
"आत्ता मोजणार?"
हो.
उद्याच्या माशांचा सगळा बर्फ
तिनं हातोडीनं फोडून पेटीत ओतला.
पैसे पुढे केले तर दारच लावून घेतलं,
सेंटा आत येत होता म्हणून की काय, कळलं नाही.

तीनशे बारा वर.

पहाटे ब्युरेट रिकामी झाली, द्रावण पिवळंच.
पुन्हा भरली. पिवळंच.
तिसऱ्यांदा भरताना हात कापत होता,
भीतीनं नव्हे, पायऱ्यांनी.
मग कधीतरी गुलाबी.

सिकाझ्वेसाहेबांनी आकडा बराच वेळ पाहिला.
"हा नमुना बिघडलेला असणार," म्हणाले,
"पेटीला मासळीचा वास येतोय."
येतोच, मी म्हटलं.

अहवालात वेळ लिहिली: एक पन्नास ते दोन दहा.
वाऱ्याची दिशा: वस्तीकडे.
शेवटचा रकाना, शेरा, कुणी कधी भरत नाही.
त्यात लिहिलं:
बर्फ, बाना चिलेक्वा यांचा.
तिचे मासे त्या दिवशी दुपारीच नासले.